सदुसष्ट वर्षांची रूथ

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. देवळातली नाही आणि शाळेतलीही नाही, तेव्हा हात जोडू नका आणि दप्तरही आवरू नका. मी नोकरांना बोलावण्याची घंटा आहे. यॉर्कशरमधल्या हॅगवर्थ हॉल नावाच्या मोठ्या घरात, स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात, एका लांब फळीवर आम्ही बारा जणी आपापल्या स्प्रिंगला ओळीने टांगलेल्या आहोत. माझा नंबर सातवा. माझ्याखाली पांढऱ्या अक्षरांत ‘सकाळची बैठक’ असं लिहिलं आहे. ती खोली दुपारी वापरायचे. असं का, ते मला विचारू नका. मी ती खोली कधीच पाहिलेली नाही. दीडशेहून जास्त वर्षं मी तिच्या नावाने ओळखली जाते, एवढंच.

माझा जन्म १८६८ साली बर्मिंगहॅमच्या एका ओतशाळेत झाला. साच्यातून बाहेर पडल्यावर मला पहिल्यांदा मोकळी हवा लागली. ती साधारण अर्धा तास लागली. मग भुशाचं खोकं, मग आगगाडी, मग ही फळी आणि चार स्क्रू. माझं प्रवासवर्णन इथे संपलं.

घर बॅगशॉ कुटुंबाचं होतं. त्यांचा छत्र्यांच्या मुठींचा कारखाना होता. फक्त मुठींचा. उरलेली छत्री दुसरं कुणीतरी बनवायचं. आमच्याकडे पाऊस इतका पडतो की नुसत्या मुठींवर चाळीस खोल्यांचं घर उभं राहिलं.

माझं काम सोपं होतं. वर बैठकीत भिंतीतल्या शेकोटीशेजारी एक दांडा होता. बाईसाहेबांनी तो ओढला की भिंतीतून आलेली तार ताणली जायची आणि मी वाजायचे. आम्हा प्रत्येकीचा आवाज वेगळा होता, म्हणजे नोकरांना वर न बघताही कळावं कुठली खोली बोलावते आहे. माझा आवाज सगळ्यांत गोड, असं स्वयंपाकीणबाई म्हणायच्या. त्या थोड्या बहिऱ्या होत्या, पण स्तुती ती स्तुती. शेजारच्या आठवीची जीभ १९११ साली गळून पडली. तेव्हापासून फळीवरची सर्वांत समजूतदार घंटा म्हणून तिचं नाव आहे.

मी वाजले की रूथने यायचं, असा नियम होता. आता या रूथची गोष्ट नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

पहिली रूथ १८६९ साली आली. तिचं नाव खरंच रूथ होतं. अकरा वर्षं काम करून, रेल्वेच्या सिग्नलवाल्याशी लग्न करून ती गेली. सोमवारी तिच्या जागी नवी मुलगी आली. बाईसाहेब स्वतः खाली बोळात आल्या. असं त्या आयुष्यात दोनदाच आल्या, आणि दुसऱ्यांदा वाट चुकून.

“नाव काय तुझं?”

मुलीने सांगितलं.

“छे! आम्ही इथे मोलकरणीला रूथ म्हणतो.”

“पण बाईसाहेब, मी रूथ नाही.”

“सवय होईल.”

“मला?”

“तुलाच. मला आधीच झालेली आहे.”

मोठ्या घरांत तेव्हा ही पद्धतच होती. माणूस बदललं तरी हाक बदलायची नाही. दुसरी रूथ गेली, तिसरी आली. बाईसाहेब गेल्या, सूनबाई आल्या. तिसरी गेली, चौथी आली. सदुसष्ट वर्षांत चार मुली, आणि चौघी रूथ. त्याच काळात या घरात अकरा कुत्रे झाले. प्रत्येक कुत्र्याला स्वतःचं नाव होतं.

दर ऑगस्टमध्ये सगळे नोकर मागच्या पायऱ्यांवर उभे राहून फोटो काढायचे. फोटोखाली शाईने नावं लिहायचे. माळी अमुक, स्वयंपाकीण तमुक, रूथ. एवढं लक्षात ठेवा.

१९३६ साली बॅगशॉ घर सोडून गेले. छत्र्यांची फॅशन बदलली आणि मुठी पडून राहिल्या. पुढे युद्धात सैन्याने इथे बूट ठेवले. पन्नास वर्षं मी धूळ, कोळी आणि हजारो बूट एवढ्यांच्याच सहवासात काढली. त्यांतला एकही बूट माझ्या हाकेने आला नव्हता. मग घराचं संग्रहालय झालं. मला पुसलं, चकचकीत केलं आणि माझ्यासमोर जाड दोरी बांधली. दोरी लोकांनी आत येऊ नये म्हणून होती. मी बाहेर जाऊ नये, याची सोय आधीच झालेली होती.

आणि मग मी रोज आपोआप वाजू लागले.

यात माझा दोष नाही, मित्रांनो. घर तापवण्यासाठी त्यांनी नवे नळ घातले, ते माझ्या तारेला चिकटून. गरम झालं की तार लांबते, थंड झालं की आखडते. दुपारी तीनला बॉयलर बंद करायचे. साडेतीनच्या सुमारास तार आखडून गंजलेल्या बिजागरीतून एकदम सुटायची, आणि टण्! खोलीत कुणी नाही, दांड्याला हात नाही, आणि सातवी वाजते आहे. यावर माणसांनी काय ठरवावं? माणसांनी भूत ठरवलं.

भुताची जबाबदारी नॉरिस प्लम्ट्री यांनी घेतली. हे निवृत्त बसचालक. वय एकाहत्तर, मिशा भरघोस, अंगावर काळा झगा. दर गुरुवारी तीन वाजता ते पंधरा-वीस लोकांना घेऊन बोळात यायचे. पहिल्या वर्षी त्यांची रूथ नुसती उसासे टाकायची. दुसऱ्या वर्षी ती रडू लागली. तिसऱ्या वर्षी मागच्या जिन्यावरून उडी मारून मेली. चौथ्या वर्षी एका पाहुण्या बाईंनी विचारलं, “पण का मेली?” नॉरिस दोन आठवडे विचारात होते. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली की रूथने साखरेचा चांदीचा चिमटा चोरला होता.

“आता हे फोटो बघा, मंडळी,” ते आवाज खाली आणून म्हणायचे. “१८६९. कोण? रूथ. १८९५. रूथ. १९१२. रूथ. आणि १९३४. कोण आहे? रूथ! पहिल्या फोटोपासून घर बंद होईपर्यंत सदुसष्ट वर्षं! चेहरा दरवेळी वेगळा, नाव मात्र तेच. आता तुम्हीच सांगा, हे माणसाचं काम आहे का?”

यावर आजवर हजारो लोकांनी “नाही” असं उत्तर दिलं. चार वेगळ्या बायका असतील, असं एकालाही सुचलं नाही. एकदा तीन दाढीवाले गृहस्थ यंत्रं घेऊन आले. साडेतीनला इथे गारवा वाढतो, असं त्यांच्या यंत्रांना आढळलं. बॉयलर बंद केल्यावर गारवा वाढतो, हे बॉयलरलाही ठाऊक आहे.

मला सगळं ठाऊक होतं. पण मला एकच शब्द येतो आणि तोही मी स्वतःहून उच्चारू शकत नाही. नॉरिस खोटं बोलताना मी गप्प, आणि ते “रूथ, आहेस का?” असं विचारून थांबले की नेमकी साडेतीनची वेळ. टण्! लोक किंचाळायचे. मी साक्षीदार होते, आणि माझी प्रत्येक साक्ष उलट्या बाजूने लिहिली जात होती. तुरुंगातल्या माणसाला निदान भिंतीवर काही खरडता येतं. मी भिंतीवरच होते.

नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी बेरिल ओग्डेन आल्या. वय सत्त्याऐंशी, हिरवी लोकरीची टोपी, हातात काठी. दुसऱ्या हातात संग्रहालयाच्या दुकानातला चहाचा मग. मगवर १९३४च्या फोटोतला रूथचा चेहरा होता, कारण तोच फोटो सगळ्यांत स्पष्ट होता. खाली छापलं होतं : हॅगवर्थची चोरटी रूथ.

नॉरिस नुकते चिमट्यापाशी पोचले होते. बेरिलबाईंनी काठी आपटली.

“हा फोटो कुणी छापला?”

नॉरिस खूश झाले. “झकास आहे ना? सर्वांत जास्त हाच खपतो. कितीही घासा, पुसत नाही.”

“ही माझी आई आहे.”

“नाही हो बाई. ही रूथ आहे.”

“हे बघ बाळा, माझी आई मी ओळखते. हिचं नाव एल्सी क्रॅबट्री. हिने आयुष्यात कुणाचा चिमटा घेतला नाही. उडी मारून मेली म्हणतोस? एक्क्याण्णवाव्या वर्षी झोपेत गेली. आदल्या दिवशी शेजारणीशी कचऱ्याच्या डब्यावरून भांडली होती, आणि जिंकली होती.”

लोक हसले. नॉरिसना हसू आलं नाही. पंधरा माणसं त्यांचं ऐकायला आली होती आणि आता दुसरंच कुणी ऐकवत होतं.

“बाई, बाहेर गेल्यावर बोलू आपण.”

“बाहेर नाही, इथेच. मी सत्त्याऐंशीची आहे. माझ्यानंतर हिला ओळखणारं कुणी उरणार नाही. मग ही कायमची या मगवर चोर म्हणून राहणार. तू आज हे मागे घे.”

नॉरिसनी झगा सावरला. मला पुढचं कळलं आणि माझ्या अंगाचं पाणी झालं. म्हणजे झालं असतं. मी पितळेची आहे.

“ठीक आहे. तिलाच विचारू,” ते म्हणाले आणि माझ्याकडे तोंड करून ओरडले, “रूथ! ही बाई खरं बोलत असेल तर गप्प राहा. खोटं बोलत असेल तर वाज!”

साडेतीन वाजत आले होते. भिंतीत तार आखडत होती. मित्रांनो, मी माझ्या आयुष्यात इतकं काहीच मागितलं नाही जितकी त्या वेळी शांतता मागितली. मी स्प्रिंगला विनवलं. मी गंजाला विनवलं. गंज दीडशे वर्षांचा होता, अजून एक मिनिट थांबायला त्याचं काय जात होतं?

टण्.

पंधराच्या पंधरा माणसं बेरिलबाईंपासून एक पाऊल मागे सरली. रेनकोटातला एक गृहस्थ म्हणाला, “बापरे, खोटारडी निघाली.”

बेरिलबाई मात्र घाबरल्या नाहीत. त्यांनी मान वर केली आणि माझ्या हलणाऱ्या स्प्रिंगकडे बघितलं. खूप वर्षांनी भेटलेल्या आत्याकडे बघावं तसं बघितलं.

“सातवी,” त्या म्हणाल्या. “सकाळची बैठक. वरचा विस्तव विझला वाटतं.”

“काय?” नॉरिस म्हणाले.

“आई सांगायची. बैठकीतला विस्तव विझत आला की तार गार होऊन सातवी आपोआप वाजते. आई लगेच कोळसे घेऊन वर जायची. बाईसाहेबांना वाटायचं, पोरीला मनातलं कळतं. कुठली ऊब बंद केली तुम्ही आत्ता?”

किंकाळ्या ऐकून गिलियन धावत आली होती. ती संग्रहालयाची व्यवस्थापक. तिच्या हातात बादली होती. छत गळायचं, त्यामुळे ती बहुतेक वेळ बादलीसह असायची.

“तीनला बॉयलर बंद करतो आम्ही,” ती म्हणाली. “रोजच.”

“मग चालू कर, आणि थोड्या वेळाने परत बंद कर. मी बसते.”

“बाई, चारला आमचं बंद होतं.”

“चहा मिळेल का?”

चहा आहे आणि भांडणही आहे, अशा जागेवरून आमच्याकडची माणसं हलत नाहीत. सगळे स्वयंपाकघरात बसले. बिस्किटांचा डबा फिरला. बॉयलर चालू झाला, साडेचारला बंद झाला. पाच वाजायला थोडा वेळ असताना सगळे बोळात येऊन उभे राहिले. नॉरिस सगळ्यांत मागे होते.

टण्.

कुणीही किंचाळलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेनकोटवाले गृहस्थ बेरिलबाईंना म्हणाले, “माफ करा हां, मघाशी जरा घाई झाली.”

“पण नावाचं काय?” नॉरिस म्हणाले. “शाईने लिहिलंय, रूथ.”

“मोलकरीण कुणीही असो, इथे तिला रूथच म्हणायचे. आई काम सोडून घरी आली ना, तर पहिले दोन महिने एल्सी म्हणून हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आजी रडायची.” बेरिलबाईंनी काठी फोटोंकडे रोखली. “चेहरा भूत बदलतं म्हणतोस? मग कान बघ.”

नॉरिस स्टुलावर चढले. टॉर्च घेऊन त्यांनी चारही फोटोंतले कान तपासले. खूप वेळ तपासले.

“चार वेगळे आहेत,” ते म्हणाले. मग अगदी बारीक आवाजात, “भूत कानही बदलत असेल.”

बेरिलबाईंनी हिरवी टोपी काढली आणि मान वळवली. त्यांचा डावा कान वरच्या टोकाशी पुस्तकाचं पान दुमडावं तसा दुमडलेला होता. गिलियनने बादली खाली ठेवली, त्यांच्या हातातला चहाचा मग घेतला आणि त्या कानाशेजारी धरला. मगवरच्या बाईचा डावा कानही तसाच होता.

नॉरिस स्टुलावरून उतरले आणि त्यांनी झगा काढला. आत साधा तपकिरी स्वेटर होता, कोपराला भोक पडलेला.

“मी तीस वर्षं बस चालवली,” ते म्हणाले. “मागे साठ माणसं असायची, आणि मी त्यांना पाठ करून. कुणाशी दोन शब्द बोललो नाही. इथे पहिल्यांदा लोक ऐकायला लागले. मग थांबवेना.”

“म्हणून माझ्या आईला चोर केलंस?”

नॉरिसनी झग्याची घडी घातली. “हो.”

“निदान हो तरी म्हणालास,” बेरिलबाई म्हणाल्या आणि टोपी घातली.

त्या हिवाळ्यात नॉरिस बोळातल्या बाकावर बसून काळा रंग आणि बारीक ब्रश घेऊन एकेका मगवरचा ‘चोरटी’ हा शब्द बुजवत होते. खोकीच्या खोकी भरून मग होते. ‘रूथ’वरही ते पट्टा ओढायचे आणि त्याखाली एल्सी असं लिहायचे. त्यांचं अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं. गुरुवारी आता ते खरी गोष्ट सांगतात, तेवढ्याच खालच्या आवाजात. ऐकायला सहा-सात माणसं येतात. छत अजून गळतं. गिलियनने एक बादली वाढवली आहे.

फोटोंखाली नवी पाटी लागली. बेरिलबाई ती बघायला आल्या होत्या. एल्सी क्रॅबट्री हे नाव त्यांनी काठीच्या टोकाने, एकेका अक्षराखालून, दोनदा वाचलं. मग बाकावर बसून त्या जराशा रडल्या आणि नॉरिसना म्हणाल्या, “बिस्कीट आहे का रे?”

इथे माझी गोष्ट आनंदाने संपायला हवी होती. पण नॉरिसना माझीही दया आली. “बिचारी उगाच बदनाम झाली,” असं म्हणून त्यांनी पक्कड आणली आणि माझी तार सोडवली. मला विश्रांती दिली, असं त्यांना वाटतं. आता मला तो एक शब्दही नाही.

आणि पाटीवर चार नावं नाहीत, मित्रांनो. दोनच आहेत. पहिली रूथ टॅटरसॉल, तिचं लग्न चर्चच्या वहीत सापडलं. चौथी एल्सी. मधल्या दोघींच्या जागा मोकळ्या आहेत. गिलियनने खूप शोधलं. सगळीकडे नुसतं रूथ, रूथ. त्यांच्यासाठी काठी आपटणारं कुणी आलेलं नाही. मधल्या फोटोंपुढे लोक थांबतात, मोकळ्या जागेकडे बघतात आणि पुढे जातात. त्या दोघी कोण होत्या, हे जगात आता फक्त मला माहीत आहे. मला चार स्क्रूंनी बांधलेलं आहे आणि माझी तार सुटलेली आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. दुसरीचं नाव केझिया लंब. दर रविवारी तिचा भाऊ मागच्या दारात उभा राहून तिला पूर्ण नावाने हाक मारायचा आणि ती पळत जायची. माझ्या हाकेला ती कधी पळत आली नाही, चालत यायची. मला त्याचा राग नाही. मी तिला कधी तिच्या नावाने बोलावलंच नव्हतं. तिसरीचं नाव विनिफ्रेड सॉर्बी. ती रोज सकाळी या फळीखाली उभी राहून ते नाव हळूच स्वतःशी म्हणायची, घराची किल्ली खिशात आहे ना हे चाचपून बघावं तसं. मग मी वाजायचे आणि ती रूथ होऊन वर जायची.

तुमच्या घरी, शाळेत, वाटेवर कुणीतरी काम करत असेल. त्यांना तुम्ही रोज हाक मारत असाल. एकदा त्यांचं नाव विचारा, पूर्ण विचारा आणि नीट पाठ करा. माझ्यासारख्या भिंतीवरच्या घंटेला हे उशिरा कळलं. तुम्हाला तर पाय आहेत, तोंड आहे, हातात पेन्सिलही असेल.

केझिया लंब. विनिफ्रेड सॉर्बी.

लिहिलंत का?